नोकरी हॉस्पिटलची, पगार कोणाच्या खात्यातून? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की इंदूरमधे आता कपड्यांच्या शोरूमपेक्षा हॉस्पिटलांचे होर्डिंग जास्त दिसतात, तर त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळी बाकीचे सगळे विषय बाजूला ठेवले. माझी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या पर्सनल डिपार्टमेंटमधे गेली, म्हणजे ज्याला आता एचआर म्हणतात ते, त्यामुळे हा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलते, सांभाळून घ्या. नावं कोणाचीच छापत नाही, बऱ्याच जणींनी तसं सांगितलंच होतं.

प्रश्न : ताई, मुलगी बारावी बायोलॉजी झाली, नीटमधे नंबर लागला नाही. आता बीएस्सी नर्सिंगचं म्हणते. तिचे बाबा म्हणतात बायपासपासून विजय नगरपर्यंत इतकी हॉस्पिटलं झालीयत, नोकरी कुठे पळून जाते. सासूबाईंना पसंत नाही ती गोष्ट वेगळी. तुम्ही काय म्हणाल? – एक आई, सुदामा नगर

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे. नोकरी मिळते. नर्सिंग झालेली मुलगी इंदूरमधे घरी बसलीय असं मी फारसं पाहिलं नाही, महिन्याभरात कुठे ना कुठे लागतेच. पण कुठे लागते, किती पगारावर, आणि दोन वर्षांनी तिथेच असते का, हे प्रश्न बिल्डिंग बघून सुटत नाहीत.

आधी कॉलेजचं बघा, नोकरीचं नंतर. आपल्या मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांचं काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. कागदावर कॉलेज, कागदावर हॉस्पिटल, एकच फॅकल्टी चार ठिकाणी दाखवलेली, मग प्रकरण जबलपूर हायकोर्टात गेलं, कोर्टाने सीबीआयला तपासायला लावलं, आणि मे २०२४ मधे तर तपासणीला गेलेल्या सीबीआयच्याच काही अधिकाऱ्यांना लाच घेतल्याबद्दल अटक झाली. या सगळ्यात मुलींच्या परीक्षा इतक्या लांबल्या की फर्स्ट इयरचा पेपर द्यायला पुढची बॅच येऊन उभी राहायची. चार वर्षांचा कोर्स चारच वर्षांत होईल असं गृहीत धरून घरातल्या लग्नकार्याच्या तारखा ठरवू नका, एवढंच सांगते.

सरकारी कॉलेजची सीट मिळाली तर डोळे मिटून घ्या, त्यासाठी पीएनएसटीची, म्हणजे नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा असते, भोपाळचं कर्मचारी चयन मंडळ घेतं (तेच हो, आपलं जुनं व्यापम, नाव बदललंय). ती नाही मिळाली तर प्रायव्हेट कॉलेजचं नाव इंडियन नर्सिंग काउंसिलच्या आणि राज्याच्या काउंसिलच्या चालू वर्षाच्या यादीत आहे का बघा, मागच्या वर्षीची यादी दाखवतील ती नको. आणि एक काम स्वतः करा : कॉलेज ज्या हॉस्पिटलशी संलग्न आहे म्हणतं तिथे एखाद्या दुपारी जाऊन वॉर्डात चक्कर मारा. पलंगावर पेशंट आहेत का, आणि कॉलेजच्या मुली ड्युटीवर दिसतायत का. गेटवर रंग किती ताजा आहे त्यावर जाऊ नका.

आता दोन वर्षांनी काय, ते. आपल्याकडे मुलींचा एक रस्ता ठरलेलाच आहे. पहिले वर्ष-दीड वर्ष एखाद्या छोट्या नर्सिंग होममधे, हात बसला की मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या आयसीयूत, तिथून एकीकडे कर्मचारी चयन मंडळाच्या ग्रुप-५ ची (सरकारी नर्सच्या पोस्टसाठीची परीक्षा) तयारी, दुसरीकडे एम्सच्या नॉरसेटची (तिथली नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा), आणि काहीच नाही जमलं तर सीएचओ, म्हणजे गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात कम्युनिटी हेल्थ ऑफिसर. सीएचओला हल्ली लोक कमी लेखतात, मला ते पटत नाही, तिथे पोरगी स्वतःच्या डोक्याने काम करते, बीपी-शुगरचे पेशंट सांभाळते, पण आहे ते संविदावर, म्हणजे कंत्राटावर, ठराविक रक्कम आणि वर कामावर ठरणारा इन्सेन्टिव, आणि गावात राहायची तयारी पाहिजे.

मुलीला रक्त बघून चक्कर येत नसेल आणि रात्रीची झोप मोडली तर चिडचिड होत नसेल तर पाठवा. सासूबाईंचं काय, पहिल्यांदा बीपी घरच्या घरी मोजून मिळालं की पसंत पडेल.

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालो आहे, आकड्यांची सवय आहे. हॉस्पिटलांमधे नोकऱ्या वाढतायत म्हणजे राज्याची अर्थव्यवस्था चांगली चालली आहे असं म्हणावं का? की लोक जास्त आजारी पडतायत एवढाच अर्थ? आणि हे आकडे खरे किती? – राजेंद्र नगर

उत्तर : काका, तुमचा प्रश्न वाचून मजा आली, कारण आमच्या ऑफिसात याच्यावर चहासोबत कितीतरी वाद झालेत.

पहिली गोष्ट, हॉस्पिटल हा धंदा मंदीत बसत नाही. लोक गाडी घ्यायची पुढे ढकलतात, फ्लॅट पुढे ढकलतात, बायपास सर्जरी पुढे ढकलता येत नाही. म्हणून पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्ट कमी झाली तरी हॉस्पिटलची भरती चालू राहते. पण याचा अर्थ राज्य श्रीमंत झालं असा नाही काढता येत. २०२० च्या एसआरएस या सरकारी सर्वेक्षणात आपल्या मध्य प्रदेशात एका वर्षाच्या आतल्या बाळांचा मृत्यू दर हजारी ४३ होता, देशात सगळ्यात वाईट. त्याच वर्षी इंदूरमधे लिवर ट्रान्सप्लांटच्या गोष्टी चालल्या होत्या. नोकऱ्या जिथे पैसा आणि रस्ते आहेत तिथे गोळा होतात, आजार जिथे आहे तिथे नाही.

दुसरी गोष्ट इंदूरची खास आहे. आपल्या हॉस्पिटलांत भरती असलेले पेशंट कुठले असतात ते एखाद्या दिवशी एम.वाय.च्या, म्हणजे आपल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या बाहेर उभं राहून ऐका. खरगोन, बडवानी, खंडवा, झाबुआ, धार, देवास, शाजापूर, निमाडी आणि माळवी ऐकू येईल, इंदुरी कमी. म्हणजे इंदूर काय करतं, तर उपचार बाहेर विकतं. निमाडातल्या शेतकऱ्याचा कापसाचा, मिरचीचा पैसा हॉस्पिटलच्या बिलातून इंदूरला येतो आणि इथल्या नर्सच्या, टेक्निशियनच्या, गार्डच्या पगारात जातो. आणि तेवढ्यावर थांबत नाही, दवा बाजारातले ठोक व्यापारी, आसपासचे लॉज, टिफिनवाल्या बायका, रात्री दोन वाजता उभा असलेला ऑटोवाला, हे सगळे त्याच बिलावर जगतात, फक्त हॉस्पिटलच्या मस्टरवर त्यांचं नाव नसतं.

आता हा पैसा इंदूरलाच येत राहील का? २०१८ च्या सुमारास रतलाम, खंडवा, विदिशा, दतिया, शहडोल, शिवपुरी, छिंदवाड्याची सरकारी मेडिकल कॉलेजं चालू झाली. २९ ऑक्टोबर २०२४ ला मंदसौर, नीमच आणि सिवनीचं उद्घाटन झालं. एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशन) २०२३ च्या नियमांप्रमाणे १०० सीटच्या कॉलेजला ४२० खाटांचं हॉस्पिटल लागतं. खाटा तर मांडता येतात. पण तिथे न्यूरोसर्जन टिकत नाही, एमआरआयचा माणूस टिकत नाही, मग केस रेफर होऊन इंदूरलाच येते. माझा अंदाज असा की डिलिव्हरी, हाडं, साधी ऑपरेशनं हळूहळू जिल्ह्यात थांबतील आणि ती थांबायलाच पाहिजेत, हृदय-मेंदू-कॅन्सर इंदूरला येत राहील. म्हणजे इंदूरमधे साध्या वॉर्डच्या नोकऱ्यांपेक्षा आयसीयू, कॅथलॅब (जिथे अँजिओग्राफी होते), रेडिएशन अशा ठिकाणी माणसं जास्त लागतील.

आणि आकडे खरे किती, हा तुमचा खरा बँकवाला प्रश्न. बघा, कॉर्पोरेट हॉस्पिटलचा मोठा डॉक्टर बहुतेक वेळा तिथला नोकर नसतोच. तो कन्सल्टंट, त्याला पगार नाही तर प्रोफेशनल फी मिळते, १० टक्के टीडीएस कापून, पीएफ नाही की काही नाही. म्हणजे ज्याच्या नावाचं होर्डिंग लागलंय तोच पेरोलवर नाही. दुसऱ्या टोकाला वॉर्डात पोछा मारणारी बाई, गेटवरचा गार्ड, किचनचा पोरगा, हे एजन्सीचे. ईपीएफओ, म्हणजे पीएफचं सरकारी ऑफिस, दर महिन्याला पेरोलचे आकडे काढतं त्यात ‘एक्स्पर्ट सर्विसेज’ नावाचा एक भला मोठा गट असतो, नावावर जाऊ नका, त्यात मॅनपॉवर पुरवणारे, सिक्युरिटीवाले, ठेकेदार हे सगळे येतात. ती पोछा मारणारी बाई त्या गटात मोजली जाते, हॉस्पिटलच्या नाही. आणि गावातली आशा, देशभरात दहा लाखांच्या आसपास आहेत त्या, त्यांना तर सरकार कर्मचारीच मानत नाही, स्वयंसेविका म्हणतं आणि मानधन देतं. तेव्हा काका, ‘हेल्थ सेक्टरमधे इतके रोजगार’ अशी हेडलाईन वाचली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो की यात कोणाला धरलंय आणि कोणाला सोडलंय.

सरकारचं म्हणाल तर राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मधे सार्वजनिक खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं लिहिलं होतं. तो गाठला गेला नाही. तो पैसा आला असता तर पक्क्या सरकारी पोस्टी निघाल्या असत्या, तो नाही आला म्हणून संविदा आणि आउटसोर्स. कोविडमधे आपण बघितलं ना, काही काही महिन्यांच्या ऑर्डरवर पोरं-पोरी घेतले, टाळ्या वाजवल्या, लाट ओसरल्यावर घरी पाठवले, मग ते भोपाळला धरणं देत बसले.

प्रश्न : मुलाचं बी.कॉम. झालं आहे, सायन्सचा गंध नाही. त्याला हॉस्पिटलमधे काही स्कोप आहे का?

उत्तर : आहे, आणि हल्ली भरपूर आहे. पूर्वी बिलिंगला दोन बाबू आणि एक लोखंडी कपाट असायचं. २३ सप्टेंबर २०१८ ला आयुष्मान भारत चालू झाल्यापासून आणि इन्शुरन्सवाले वाढल्यापासून टीपीए डेस्क, म्हणजे विम्याचे क्लेम बघणारं टेबल, हा एक वेगळा विभागच झालाय. प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज, पाठवायचं, क्वेरी आली की उत्तर द्यायचं, डिस्चार्जच्या दिवशी अप्रुवल येईपर्यंत नातेवाईकांच्या शिव्या खायच्या, नंतर क्लेम का कापला म्हणून भांडायचं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान कार्ड मिळायला लागलं, म्हणजे हे काम आणखी वाढलं. कॉमर्सचा मुलगा ज्याला थोडी मेडिकल टर्मिनॉलॉजी पाठ आहे आणि ज्याचा आवाज चढत नाही तो इथे लवकर वर जातो. त्याला महागडा एमबीए हॉस्पिटल मॅनेजमेंट लगेच करायला लावू नका, आधी वर्षभर डेस्कवर बसू दे.

प्रश्न : ताई, मी एका प्रायव्हेट हॉस्पिटलमधे स्टाफ नर्स आहे, नाव लिहित नाही. आमच्याकडे बारा तासांची ड्युटी आहे, जॉइनिंगच्या वेळी आठ सांगितली होती. वॉर्डात तीस पेशंट आणि आम्ही दोघी, कधी एकटी. पगार हॉस्पिटलच्या नावाने येतच नाही, कोणत्यातरी सर्विसेसच्या नावाने येतो. पीएफ कापतात पण पासबुकात दिसत नाही. बोललं की म्हणतात बाहेर लाईन लागलीय. खरंच लागलीय का?

उत्तर : लाईन लागलेली नाही बाळा. लाईन असती तर तुम्हाला बारा तास का थांबवलं असतं?

थोडा हिशोब सांगते, हा हिशोब मॅनेजमेंटला पाठ असतो आणि सिस्टरांना कोणी सांगत नाही. इंडियन नर्सिंग काउंसिलच्या निकषाप्रमाणे जनरल हॉस्पिटलच्या वॉर्डात पाच पेशंटला एक नर्स, टीचिंग हॉस्पिटल असेल तर तीनाला एक, आयसीयूत एकाला एक. तुमचा तीस खाटांचा वॉर्ड धरा आणि हा निकष प्रत्येक शिफ्टला लावून बघा. एका शिफ्टला सहा, तीन शिफ्टला अठरा, वर सुट्ट्या-रजांसाठी तीस टक्के राखीव, म्हणजे तेवीस-चोवीस मुली. आता त्याच वॉर्डला बारा-बारा तासांच्या दोन शिफ्ट केल्या तर बारा अधिक राखीव म्हणजे सोळा. एका फटक्यात सात-आठ पगार वाचले, आणि हे निकष पाळले तर. तुमच्याकडे तर सहाच्या जागी दोघी आहेत. हॉस्पिटलच्या खर्चात औषधं-सामान एकीकडे आणि माणसं दुसरीकडे, आयुष्मानचं पॅकेज ठरलेलं, त्याचा पैसा उशिरा येतो, इन्शुरन्सवाला कापून देतो, मशीनचा ईएमआय थांबत नाही, मग हात कुठे फिरतो तर नर्सच्या रोस्टरवर. मी त्या टेबलच्या पलीकडे बसून हे रोस्टर पाहिलेत म्हणून सांगते. हे मी समर्थन म्हणून सांगत नाहीये, दोन मुली तीस पेशंट बघतात तेव्हा औषध चुकतं, आणि चुकलं की सस्पेंड कोण होतं ते तुम्हाला माहीत आहे. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी एम.वाय.मधे नवजात बाळांना उंदीर चावल्याचं प्रकरण झालं, दोन बाळं गेली, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. पेस्ट कंट्रोल आणि सफाई आउटसोर्स एजन्सीकडे होती. एजन्सीला दंड झाला, आणि सस्पेंशनच्या ऑर्डर निघाल्या त्यात नर्सिंग ऑफिसर होत्याच.

आता तुमचं. पगार ज्या सर्विसेसच्या नावाने येतो ती एजन्सी म्हणजे कागदावर तुमची मालक. पण हॉस्पिटल सुटत नाही, कायद्यात त्याला प्रिन्सिपल एम्प्लॉयर म्हणतात, ठेकेदाराने पगार किंवा पीएफ बुडवला तर भरायची जबाबदारी हॉस्पिटलवर येते. पासबुकात दिसत नाही म्हणता तर आधी उमंग अ‍ॅपवर यूएएन (पीएफचा तुमचा नंबर) टाकून बघा, कधी कधी जुना आणि नवा असे दोन यूएएन बनलेले असतात आणि पैसा दुसऱ्यात जात असतो. तिथेही नसेल तर पगाराच्या स्लिपा, ज्यात कपात दिसते, त्या जपून ठेवा आणि ईपीएफओच्या पोर्टलवर तक्रार टाका, नावाने टाकायला घाबरत असाल तर तीन-चार जणी मिळून टाका. ग्रॉस २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचाऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, तोही लागू होतो, तुमचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. ईएसआयचं कार्ड असेल तर नंदा नगरच्या हॉस्पिटलमधे तुमचा आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचा इलाज होतो, आणि गंमत बघा, कित्येक नर्सना स्वतःलाच हे माहीत नसतं, दुसऱ्यांचे कार्ड बघत आयुष्य जातं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राचे चारही नवे लेबर कोड लागू झालेत. त्यात अपॉइंटमेंट लेटर प्रत्येकाला द्यायलाच पाहिजे, दिवस आठ तासांचा, त्यावर काम घेतलं तर ओवरटाईम दुप्पट दराने. तुमच्या हातात लेटर नसेल तर पहिली मागणी तीच करा, लेखी, ईमेलवर. पगाराबद्दल बोलायची वेळ येईल तेव्हा हेही माहीत असू दे : सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने कमिटी नेमली होती, तिने सांगितलं की २०० च्या वर खाटांच्या प्रायव्हेट हॉस्पिटलने नर्सला राज्य सरकारच्या नर्सइतका पगार द्यावा, १०० च्या वर असेल तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० मधे फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या खाली असलं तरी २० हजारांच्या खाली नको. पण ती शिफारस आहे, अंमल राज्यांवर सोडला, आणि राज्यांनी काय केलं ते तुम्ही तुमच्या बँक मेसेजमधे दर महिन्याला वाचताच. तरी भरतीच्या टेबलवर हा आकडा काढला की समोरचा एचआरवाला जरा सरळ बसतो. मी बसायचे.

आणि तुम्हाला सहा महिने आयसीयूचा अनुभव असेल तर उद्या सकाळी दुसरीकडे बायोडाटा द्या. इंदूरमधे आयसीयूच्या सिस्टरला नाही म्हणणारं हॉस्पिटल मला दाखवा. फक्त एक्स्पिरिअन्स लेटर हातात पडेपर्यंत राजीनाम्याचं तोंडाने बोलू नका.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको डॉक्टर, रामबागेच्या बाजूला वीस खाटांचं जुनं नर्सिंग होम. स्टाफ टिकतच नाही. शिकवतो आम्ही, आणि वर्षभरात मोठ्या हॉस्पिटलवाले घेऊन जातात. तुम्ही नेहमी नर्सच्या बाजूने लिहिता, आमच्यासारख्यांनी काय करायचं?

उत्तर : डॉक्टरसाहेब, तुमचं दुःख खरं आहे. छोटी नर्सिंग होमं ही या शहराची फुकटातली ट्रेनिंग स्कूलं आहेत, आणि त्याचे आभार कॉर्पोरेटवाले कधी मानत नाहीत.

पण तुम्ही पत्रात पगार किती देता ते लिहिलं नाही, बाकी सगळं लिहिलंय, अगदी कोणती सिस्टर कधी गेली तेसुद्धा. वरती २० हजारांचा आकडा दिलाय तो तुमच्यासारख्या ५० च्या खालच्यांसाठीच होता. तेवढा देणं वीस खाटांत जड जातं, मला कळतं, तुमचे पेशंट आसपासच्या गल्ल्यांमधलेच, त्यांना बिल वाढवून सांगता येत नाही. मग जे मोठे देऊ शकत नाहीत ते द्या. ठरलेली साप्ताहिक सुट्टी जी ऐनवेळी कॅन्सल होत नाही. लग्न झालेल्या, मुलं शाळेत जाणाऱ्या सिस्टर शोधा ज्यांना सकाळची शिफ्टच पाहिजे असते आणि कॉर्पोरेटच्या रोटेशनमुळे ज्या घरी बसल्यात, अशा बऱ्याच जणी लोकमान्य नगर-सुदामा नगरात घराघरात आहेत. त्यांना अर्ध्या दिवसाची ड्युटी द्या. दहा वर्षांच्या अनुभवाची बाई तुम्हाला वीस-बाविशीच्या मुलीच्या पगारात मिळेल आणि ती पळणार नाही.

आणि एक सांगू का, रात्री बिनारजिस्ट्रेशनच्या मुलीवर वॉर्ड सोडायची पद्धत बंद करा. नर्सिंग होमचं लायसन्स आपल्याकडे १९७३ च्या राज्याच्या कायद्यावर मिळतं, सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या ऑफिसची टीम आली की पहिल्यांदा क्वालिफाइड स्टाफची यादी मागते. स्वस्तातली मुलगी त्या दिवशी महाग पडते.

प्रश्न : मुलगा (हो, मुलगा) बीएस्सी नर्सिंग आहे. सगळीकडे मुलीच मागतात असं म्हणतो. बाहेरदेशी पाठवू का? एजंट दोन लाख मागतोय.

उत्तर : एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या पोस्टींमधे ८० टक्के बायकांसाठी आणि २० पुरुषांसाठी आहेत, म्हणजे त्याचं म्हणणं तिथे खरं आहे. प्रायव्हेटमधे मात्र ओटी, इमर्जन्सी, कॅथलॅब, डायलिसिस इथे मुलगे हौसेने घेतात, तो वॉर्डात अर्ज करत बसला असेल. २०१६ पासून जिल्हा हॉस्पिटलांमधे डायलिसिसची केंद्र सरकारची योजना आहे, त्यामुळे ते काम आता छोट्या गावातही आहे.

एजंटला दोन लाख अजिबात नाही. परदेशी नोकरीचा एजंट सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर रजिस्टर पाहिजे, आणि त्याला सर्विस चार्ज म्हणून ३० हजार अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावतीने. दोन लाख मागतो म्हणजे तो एकतर रजिस्टर नाही किंवा कायदा मोडतोय. जर्मनीचं डोक्यात असेल तर पैसा एजंटवर नाही, भाषेवर घाला, नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-टू लेव्हलची जर्मन लागते आणि ती इंदूरमधेच बसून वर्ष-दीड वर्षात करता येते. आखातात जायचं असेल तर दोन वर्षांचा बेडसाइड अनुभव विचारतात, तो आधी इथे होऊ दे.

प्रश्न : भाचीला एका डायग्नोस्टिक सेंटरमधे एक्स-रे टेक्निशियनची नोकरी लागली आहे. तिथे म्हणतात ओरिजिनल मार्कशीट आणि डिप्लोमा जमा करा, दोन वर्षांनी परत देऊ. द्यावं का?

उत्तर : नाही. ओरिजिनल दाखवायचे, ते झेरॉक्सशी ताडून बघतील, आणि तिथल्या तिथे परत घ्यायचे. ‘सगळेच जमा करतात’ म्हणाले तरी नाही. फार अडून बसले तर लेखी मागा की आम्ही अमुक कागद ताब्यात घेतोय आणि अमुक तारखेला परत करू, सही-शिक्क्यानिशी, मी पाहिलंय की हे लिहून द्यायला कोणी तयार होत नाही आणि मग विषय आपोआप मिटतो.

दुसरं तुम्ही विचारलं नाही पण सांगते. रेडिएशनमधे काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा टीएलडी बॅज मिळायला पाहिजे, छातीवर लावतात तो, किती रेडिएशन अंगावर गेलं ते त्यात नोंदलं जातं आणि तो ठराविक मुदतीने तपासायला जातो. ही एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची अट आहे, मालकाची मेहरबानी नाही. जॉइन व्हायच्या दिवशी भाचीने तो मागावा, आणि ड्रॉवरमधून दुसऱ्या कोणाच्या नावाचा जुना बॅज काढून दिला तर त्या दिवशी मशीन रूममधे पाय ठेवू नये.